ग्रुपवर साडेचारशे, पूनम गेटवर रिक्षाभर

मजरेवाडीकर
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमच्या भागात पाणी कधी चार दिवसांनी येतं, कधी सहा. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. खरा ताप वेळेचा. रात्री एकला येणार की पहाटे चारला, काही पत्ता नसतो. घरातलं कुणीतरी एक जागं राहतंच. उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. लिंक फिरली आणि बघता बघता साडेचारशेच्या आसपास माणसं आत. निवेदनाचा मसुदा ग्रुपवरच झाला, हॅशटॅग ठरला, रोज सकाळी ‘आता माघार नाही’. सोमवारी अकराला, आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोर जमायचं ठरलं, त्या मेसेजखाली अंगठ्यांची रांग. सोमवारी प्रत्यक्षात आली एका रिक्षात मावतील एवढी टाळकी. त्यातला एक जण तिथं दुसऱ्याच कामाला आलेला, आम्हाला बघून थांबला.

निवेदन दिलं, पोच घेतली, घरी आलो. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींच्या पोरानं एक व्हिडिओ टाकला. नळातून नुसती हवा फुसफुसतेय, खाली घागर, मागं भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेलेत. बोलणं काही नाही. तो गावभर फिरला आणि ज्यांच्याकडं निवेदन दिलं होतं त्यांचाच आम्हाला फोन आला!

आता ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, मोर्चे-बिर्चे सोडा, रील काढा. दुसरा म्हणतो, तुम्ही गेटवर गेला नसता तर फोन करायला त्यांच्याकडं तुमचा नंबर कुठून आला असता? तुम्हाला काय वाटतं? असली कामं फोनमुळं होतात की माणसांमुळं?

कडक_भाकरी
रुमाल टाकून ठेवतो. शेंगा चटणी घेऊन बसलोय, येऊ द्या.

तात्या_मागवाले
अंगठा टेकवायला काय जातंय बे? मे १९३० मध्ये गांधीजींना पकडल्याची बातमी आली आणि हे गाव रस्त्यावर उतरलं. सरकारला मार्शल लॉ लावावा लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. त्यांच्याकडं काय नेटपॅक होता? आताची पिढी चार हुतात्मा चौकात जाते ती सेल्फी काढायला.

बुधवार_पेठ
तात्या, मान राखून बोलतो. त्या चौघांतले कुर्बान हुसेन स्वतः ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवत होते. छापखाना हेच त्या काळचं तंत्रज्ञान. गांधीजींच्या अटकेची बातमी मुळात इथं पोचली कशी, याचाही विचार करा. नुसती माणसं आणि नुसता जोश असं कधीच नव्हतं. फरक एवढाच की पेपर काढणाऱ्याला आपलं नाव खाली छापावं लागायचं आणि त्याची किंमतही मोजावी लागायची. फॉरवर्ड करणाऱ्याला यातलं काही नाही.

कडक_भाकरी
तात्या १, बुधवार पेठ १. सामना बरोबरीत.

विडी_घरकुल
मला एक विचारायचंय. ते साडेचारशे जण कोण होते? म्हणजे पुरुष किती आणि बायका किती?

माझी आई विड्या वळते. आमच्या घरात स्मार्टफोन एकच, तोही भावाकडं. ग्रुपवर भाऊ. पाणी भरतो कोण, आई आणि वहिनी. रात्री दोनला जागं कोण, त्याच दोघी. निवेदनाच्या मेसेजला अंगठा दिला भावानं, आणि सोमवारी अकराला तो एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामावर. मग गेटवर येणार कोण? ज्यांना यायचं होतं त्यांच्यापर्यंत मेसेज पोचलाच नाही.

दुसरं म्हणजे भाषा. आमच्या गल्लीत घरात तेलुगू, पलीकडच्या बोळात कन्नड, त्याच्या पुढं दखनी. तुमचा मसुदा ‘उपरोक्त विषयान्वये’वाला असणार. आईला मराठी बोलता येतं छान, पण एवढं लांबलचक वाचत बसायला तिच्याकडं वेळ नाही. मी एकदा तेच तेलुगूत बोलून व्हॉइस मेसेज केला. मांडीवर सूप, हातात कात्री, तेंदूची पानं कापणं चालूच, आणि फोन भिंतीला टेकवून मोठ्या आवाजात. चौघी-पाचजणींनी एकदम ऐकलं, लगेच तिथंच भांडणही झालं की कुणाच्या नळाला मोटार आहे. हा खरा ग्रुप.

आणि तात्यांना सांगते, आमची कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, १० हजार घरं, २००६ ला चाव्या मिळाल्या. त्यामागं कितीतरी वर्षांचे मोर्चे. विडी द्यायला बाया कारखान्यात जायच्या, तिथंच निरोप मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी रस्ता भरायचा. व्हॉट्सॲप नव्हतं हे खरं, पण रोज एका जागी भेटणं होतं. जुळे सोलापुरात, मजरेवाडीत तुम्ही एकमेकांना रोज भेटता का?

मजरेवाडीकर
ताई, बायकांचा आकडा बघितला आत्ता. हाताच्या बोटांवर. बाकी काय बोलू.

शेळगीची_सून
विडी_घरकुल, +१००. आमच्याकडं सासूबाईंना ग्रुपमध्ये घेतलं तर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ सुरू झालं, आणि ॲडमिननं ‘फक्त ॲडमिन बोलू शकतील’ करून टाकलं. बास, संपलं. तेव्हापासून ग्रुपवर ॲडमिनचे वाढदिवस आणि नगरसेवकांचे फोटो. पाण्याची वेळ कुणी सांगेना.

पुण्यातला_सोलापूरकर
सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

शेळगीच्या ताईंनी नेमकी जागा पकडली. हे बटण २०१८ मध्ये आलं. दिसायला साधी सोय, पण गप्पांच्या कट्ट्याचं एका झटक्यात सूचनाफलक होतं. ग्रुपची मर्यादा आधी २५६ होती, २०२२ मध्ये ५१२ झाली आणि त्याच वर्षी १०२४. एका वॉर्डाचे चार ग्रुप असतात तेव्हा चार ॲडमिन असतात, चौघांना एकमेकांशी बोलावं लागतं. एकच हजारी ग्रुप झाला की एकाचं राज्य. हे आकडे कंपनीत बसलेली माणसं ठरवतात. म्हणून ‘तंत्रज्ञान की माणसं’ हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. ॲपमध्येही माणसंच आहेत, फक्त ती आपल्याला दिसत नाहीत आणि आपल्या निवेदनाची पोच देत नाहीत.

दुसरं उदाहरण, फेसबुक. २०१७ पासून त्यांच्या हिशेबात रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. तुम्ही चिडलात की पोस्ट जास्त लोकांना दिसणार. पुढं ते वजन कमी करत शून्यावर आणलं, पण हे बाहेरच्या जगाला कळलं २०२१ मध्ये, कंपनीचे आतले कागद फुटल्यावर. त्या काळात शांतपणे ‘नळाची वेळ जाहीर करा’ म्हणणारा मागं पडायचा आणि शिव्या घालणारा पुढं. लोकांना वाटायचं, गाव किती संतापलंय!

तरी फोन म्हणजेच आंदोलन असंही नाही. इजिप्तमध्ये २०११ साली २७ जानेवारीच्या रात्रीपासून सरकारनं देशभर इंटरनेट बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, लोक मशिदींतून नमाज झाल्यावर सरळ रस्त्यावर आले. फेसबुकनं गोळा केलेली नाराजी होतीच, पण जमायची जागा जुनीच होती.

तात्या_मागवाले
म्हंजे माझंच खरं की!

कडक_भाकरी
पुण्यात बसून सोलापूरच्या पाण्यावर एवढं? तिकडं रोज येतंय वाटतं. (हलके घ्या.)

पुण्यातला_सोलापूरकर
टँकरनं येतं. तेही मीच ॲपवरून मागवतो.

मंगळवेढ्याचा
थट्टा चाललीय, पण एक राहून जातंय. फोननं गोळा झालेली माणसं म्हणजे चांगलंच काही, असं आपण धरून चाललोय.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या दिवसांत सगळीकडं फिरत होते. एका लहान मुलीशी बोलले एवढ्यावरून धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचपैकी बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. आमच्या भागातल्या ग्रुपवर तेच व्हिडिओ त्याच्या आधी येऊन गेले होते, ‘काळजी घ्या, पुढे पाठवा’ लिहून. पाठवणाऱ्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण समाजाचं भलं करतोय. मजरेवाडीच्या ग्रुपवर पाण्याचा मेसेज पुढं ढकलताना वाटतं ना, अगदी तसंच.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. बटणाची मर्यादा माणसं मेल्यावर आली.

बुधवार_पेठ
हे इथं लिहिलंत ते बरं केलंत. २०२० च्या एप्रिलमध्ये अजून आवळलं, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. पण मी बघतो, लोक तोच मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवतात. शिक्का गायब. आमच्या ग्रुपवर एक गुरुजी आहेत, निवृत्त. काहीही आलं की ते एकच विचारतात, ‘हे तुम्ही पाहिलं का, कुठं, कधी?’ एवढ्यानं निम्मी घाण थांबते. ते गुरुजी कुठल्या ॲपमध्ये मिळत नाहीत.

होटगी_रोड
नमस्कार. ऑनलाइन आंदोलनाचा विषय आणि अजून कुणी चिमणीचं नाव काढलं नाही? विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्याआधी कितीतरी महिने गावाचे दोन तुकडे. एकाला विमान पाहिजे, दुसऱ्याला ऊस. डीपी बदलण्यापासून सुरुवात. शेवटी तरुणांनी ट्विटर लावून धरलं म्हणूनच विमानसेवा आली.

अक्कलकोट_रोड
काय पण! चिमणी कोर्टकचेरीतून आणि सरकारी आदेशानं पडली. तुमच्या ट्विटला विचारतो कोण? आणि ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जायचा ते हजारो शेतकरी ट्विटरवर नव्हते म्हणून त्यांचं म्हणणं नव्हतंच असं झालं. हाच तर मुद्दा आहे.

होटगी_रोड
९ जून २०२५ ला गोव्याला पहिलं विमान गेलं, तेव्हा आनंदानं व्हिडिओ टाकणाऱ्यांत शेतकऱ्यांची पोरंही होती हो.

अक्कलकोट_रोड
पोरं होती. बाप नव्हता.

संपादक
चिमणीवर तीन जुने धागे आहेत, तिन्ही कुलूपबंद. चौथा उघडायला लावू नका. मूळ विषयावर या.

वकील_साहेब_नाही
वर ‘नाव छापावं लागायचं’ असं बुधवार पेठ म्हणाले, त्यावरून. आमच्या ग्रुपचा ॲडमिन दर आठवड्याला धमकी देतो, ‘कुणी वाकडं लिहिलं तर केस माझ्यावर होते.’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलं की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं, एवढ्यावरून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्याची संगनमत-साथ दिसली पाहिजे.

तरी भीती उगाच नाही. २०१२ मध्ये पालघरला मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टसाठी दोन मुलींना अटक झाली होती. एकीनं लिहिलं, दुसरीनं फक्त लाइक केलं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. म्हणजे अंगठ्याला काही किंमत नसते असं तात्या म्हणतात, ते तिला विचारून बघा.

तात्या_मागवाले
बरं बाबा, ते माहीत नव्हतं. अंगठ्याचं मागं घेतो, सेल्फीचं नाही.

नवी_पेठ_नेटकरी
अंगठे कधी मोजले जातात आणि कधी नाही, याचं एक नमुनेदार उदाहरण. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवायचं का याचा, वाद होता. दूरसंचार नियामक ट्रायनं प्रश्नांची यादी जाहीर केली, इंग्रजीत, किचकट. काही जणांनी मिळून त्या प्रश्नांची सोपी उत्तरं तयार केली, एका क्लिकवर ईमेल जाईल अशी सोय केली आणि दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. मीही धाडला होता, कॉलेजच्या लॅबमधून.

त्याच वर्षाच्या शेवटी फेसबुकनं ठरावीक साइट फुकट देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’साठी तोच डाव उलटा टाकला. लॉगिन केलं की समोर बटण, दाबलं की तुमच्या नावानं ट्रायला संदेश. लाखो गेले. ट्रायनं २०१६ च्या जानेवारीत त्यांना सुनावलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. ८ फेब्रुवारीला साइटनुसार वेगवेगळ्या दरांवर बंदी आली आणि फ्री बेसिक्स गुंडाळलं गेलं. बटण दोन्हीकडं होतं. एकीकडं बटणाच्या मागं प्रश्न वाचून उत्तर लिहिणारी माणसं होती, दुसरीकडं नुसतीच संख्या. मजरेवाडीकर, तुमच्या निवेदनात नेमकं काय मागितलं होतं?

मजरेवाडीकर
‘पाणीपुरवठा सुरळीत करावा.’

नवी_पेठ_नेटकरी
घ्या. याचं उत्तर ‘सुरळीत करण्यात येईल’. फाइल बंद.

मोहोळचा_ऊसवाला
आम्ही गावाकडचे, शहराच्या नळावर बोलणार नाही. पण उजनी धरणावर बोलतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून ५ टीएमसी पाणी इंदापूरकडं न्यायचा आदेश निघाला. कोरोना ऐन भरात, चार माणसं एकत्र दिसली की पोलिसांची काठी. तेव्हा आदेशाची प्रत आमच्या ग्रुपवर आली, कुणीतरी लाल पेनानं ‘५ टीएमसी’ला गोल केलेली. ती प्रत नसती तर चावडीवर नुसत्या गप्पा झाल्या असत्या. प्रत हातात असल्यावर आमदाराला फोन करताना भाषा बदलते. पंढरपूर, मोहोळ, माढा, मंगळवेढा, सगळीकडून बोंब उठली, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना बोलावं लागलं आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला.

पण पुढचं ऐका. उजनीच्या पाण्यावर जगणारा सगळा पट्टा आधीपासून एकमेकाला ओळखतो. कालव्याच्या पाळीला भांडलेले, एकाच कारखान्याचे सभासद, सोयरे. फोननं या जुन्या ओळखीवर काम केलं. तुमच्या साडेचारशेतले किती जण एकमेकाला तोंडानं ओळखतात?

शेळगीची_सून
हेच विडी_घरकुल वर म्हणाल्या.

पुण्यातला_सोलापूरकर
एक सुचवू? केनियात २००७ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर हिंसाचार झाला तेव्हा काही जणांनी ‘उशाहिदी’ नावाची वेबसाइट उभी केली. लोक कुठं काय झालं ते एसएमएसनं किंवा नेटवरून कळवत, ते तपासून नकाशावर टिंब पडायचं. तसा पाण्याचा नकाशा करू. कुठल्या गल्लीत किती वाजता आलं, किती वेळ टिकलं. ॲप मी बनवून देतो, फुकट.

विडी_घरकुल
ॲप नको. आई काय ॲप उघडतेय रात्री दोनला? प्रत्येक गल्लीत एकीनं वही ठेवायची. तारीख, पाणी कधी आलं, कधी गेलं, किती घागरी भरल्या. सकाळी फोटो काढून पोरानं ग्रुपवर टाकायचा. तुम्ही फोटोवरून नकाशा करा.

पार्क_चौक
आणि चावीवाल्याला विसरलात. व्हॉल्व्ह सोडतो तो माणूस. आमच्या कोपऱ्यावरच्या आजी त्याला दर खेपेला चहा देतात. पाणी सोडायच्या आधी तो आजींना मिस कॉल देतो आणि आजी जिन्यातून ओरडतात. आमच्या गल्लीत कुणाचीच झोपमोड नाही, ग्रुपही नाही.

कडक_भाकरी
आजींना ट्रायवर पाठवा.

अक्कलकोट_रोड
चहाचं कौतुक ठीक, पण ते एका गल्लीपुरतं. आजी आजारी पडल्या की संपलं. आणि ज्या गल्लीत चहा पाजायला आजी नाहीत त्यांनी काय करायचं? वेळ जाहीर होणं हा हक्क आहे, ओळखीपाळखीवर मिळायची गोष्ट नाही.

नवी_पेठ_नेटकरी
बरोबर. म्हणून वह्या महिनाभर भरू द्या, आणि त्याच वेळी माहिती अधिकारात अर्ज टाका: अमुक भागाचं पाणी सोडण्याचं ठरलेलं वेळापत्रक आणि मागच्या तीन महिन्यांची प्रत्यक्ष नोंद. फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. त्यांची नोंद आणि तुमच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की निवेदनात ‘सुरळीत’ लिहायची गरज पडणार नाही. मग काढा रील पाहिजे तेवढी.

मजरेवाडीकर
आज संध्याकाळी गल्लीत बसलो होतो, यावर बोललो. वही ठेवायला चार घरं तयार झाली, चारही बायका. त्यातल्या एक वहिनी, व्हिडिओतल्याच, म्हणाल्या की व्हिडिओ फिरल्यावर ओळखीचे-अनोळखी फोन करून ‘टीव्हीत आलात’ म्हणत होते, त्यांना ते अजिबात आवडलेलं नाही. वहीचा फोटो चालेल, पण नाव आणि घर नंबर नको.

विडी_घरकुल
वहिनींचं बरोबर आहे. गल्लीचं नाव पुरे. पानाचा फोटो काढताना खालची सही झाकायची.

पुण्यातला_सोलापूरकर
नकाशातही घराचं टिंब टाकणार नाही, गल्लीची रेघ रंगवीन. फोन नंबर मला पाठवूच नका, माझ्याकडं साठून राहायला नकोत.

नवी_पेठ_नेटकरी
माहिती अधिकाराचा अर्ज कुणाच्या नावानं टाकणार? त्यावर नाव-पत्ता द्यावाच लागतो.

तात्या_मागवाले
माझ्या नावानं टाका. मसुदा करून द्या, मी स्वतः जाऊन देतो आणि पोच घेऊन येतो. फक्त अक्षर मोठं ठेवा, चष्म्याचा नंबर वाढलाय.